चाळीस प्रश्न, दोन दुपारी: शिक्षकांसाठी एमसीक्यू कार्यशाळेची कृती

एमईयूच्या (मेडिकल एज्युकेशन युनिटच्या) बैठकीत तुमचं नाव पुढे आलं आणि विभागातल्या शिक्षकांना चांगले एमसीक्यू काढायला शिकवायचं काम तुमच्याकडे आलं. छान झालं! हे काम तुम्हाला जमणार आहे. स्लाइड्स बनवायला बसू नका, त्यांची गरज नाही. शिक्षक एमसीक्यू शिकतो तो दोनच वेळा. एकदा स्वतःचा प्रश्न दुसऱ्याने लाल पेन्सिलीने खोडला की, आणि दुसऱ्यांदा आपल्याच विद्यार्थ्यांनी त्या प्रश्नाचं काय केलं ते आकड्यांत दिसलं की. म्हणून आपण दोन दुपारी घेणार आहोत आणि मध्ये एक खरी परीक्षा. मी पॅथॉलॉजीतल्या रक्तविज्ञानाच्या युनिटचं उदाहरण घेते. तुमचा विषय वेगळा असला तरी क्रम हाच ठेवा.

पेपर अर्थातच इंग्रजीत निघेल. इथे आपण मराठीत बोलू.

हाताशी हवं: आठ शिक्षक, १५० विद्यार्थ्यांची एक बॅच, पोस्टकार्डाएवढी साठ कोरी कार्डं, आठ लाल पेन्सिली, एक फळा, एक साधा कॅल्क्युलेटर आणि दोन्ही दुपारी भरपूर चहा.

तयारीचा आठवडा

१. दोन्ही दुपारच्या तारखा एकाच पत्रात कळवा. पहिली दुपार परीक्षेच्या तीन आठवडे आधी, दुसरी परीक्षेनंतर चार दिवसांच्या आत. सांभाळा: दुसरी तारीख "नंतर बघू" म्हणून सोडलीत तर ती कधीच येत नाही, आणि अर्धं शिक्षण तिथेच राहतं.

२. निकाल कोणत्या दिवशी लागणार हे परीक्षा विभागाला विचारून घ्या. तो दुसऱ्या दुपारच्या नंतरच लागायला हवा. याचं कारण पायरी २९ ला कळेल. आज फक्त तारीख पक्की करा.

३. आठ जणांची नावं ठरवा. सात तुमच्या विभागातले घ्या, आठवा मेडिसिनचा. तो फिजिशियन सोडू नका! "वॉर्डात असं कुणी विचारत नाही" हे सांगणारा एक माणूस टेबलावर लागतोच.

४. प्रत्येकाकडून त्याने गेल्या वर्षी काढलेला एक एमसीक्यू मागवा. कोचिंगच्या पुस्तकातला चालणार नाही, स्वतःचाच हवा.

५. हे आठ प्रश्न नावं काढून एका कागदावर छापा. सांभाळा: एचओडींचाही प्रश्न त्यात असेल. नाव राहिलं तर त्या प्रश्नावर कुणाचीच पेन्सिल चालणार नाही.

पहिली दुपार

६. दोघादोघांना एका टेबलावर बसवा. सीनियर रेसिडेंट आणि त्याचा गाइड एकत्र येणार नाहीत असं बघा. गाइडसमोर मुलगा "सर, हा प्रश्न कळला नाही" असं म्हणत नाही.

७. प्रस्तावना न करता फळ्यावर हा प्रश्न लिहा:

'टर्पोसिस' या आजारात काय आढळतं?
अ. नेहमी ताप
ब. खोकला कधीच नसतो
क. बहुतेक रुग्णांत सकाळी उठल्यावर वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी सांधेदुखी
ड. फक्त पुरळ

८. हात वर करून उत्तर मागा. जवळजवळ सगळे 'क' म्हणतील.

९. मग सांगा की टर्पोसिस नावाचा आजारच नाही. लगेच सांगा, कारण कुणीतरी तोवर फोनवर शोधायला लागलेलं असतं.

१०. "तरी 'क' कसं ओळखलंत?" असं विचारा आणि येईल ते उत्तर फळ्याच्या कडेला उतरवा. सगळ्यात लांब पर्याय. 'बहुतेक' हा सावध शब्द. बाकीच्यांत 'नेहमी', 'कधीच', 'फक्त'. ही यादी दिवसभर पुसू नका. आजार माहीत नसताना आठ डॉक्टरांनी बरोबर उत्तर दिलं, तर पेपर लिहिण्यात हुशार झालेला विद्यार्थीही देणारच. वर्गात अभ्यास करून आलेल्या मुलीला आणि नुसत्या युक्त्या शिकून आलेल्या मुलाला सारखे गुण मिळणं मला सहन होत नाही, आणि टेबलाभोवती बसलेल्यांनाही होणार नाही. हे त्यांना एकदा दिसलं की पुढची दुपार तुमची.

११. युनिटचे विषय फळ्यावर लिहा. आपल्या उदाहरणात चार: ॲनिमिया, ल्युकेमिया व लिम्फोमा, रक्तस्राव व गोठण, रक्तसंक्रमण. दहा-बारा तुकडे करू नका, हिशेब हाताबाहेर जातो.

१२. प्रत्येक विषयाला महत्त्वाचे गुण द्या, १ ते ३. 'हे चुकलं तर रुग्णाचं किती नुकसान होईल?' एवढंच विचारा.

१३. दुसऱ्या रकान्यात वारंवारतेचे गुण द्या, तेही १ ते ३. 'एमबीबीएस होऊन बसलेल्या डॉक्टरला हे किती वेळा दिसेल?' इथे फिजिशियनला आधी बोलू द्या. सांभाळा: प्रत्येक शिक्षकाला आपला आवडता विषय ३ वाटतो. ज्यांनी पीएचडी ल्युकेमियात केली आहे त्यांचं प्रेमाने ऐका आणि आकडा २ लिहा.

१४. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करा. आमच्या फळ्यावर असं आलं होतं: ॲनिमिया ३ × ३ = ९, ल्युकेमिया-लिम्फोमा ३ × २ = ६, रक्तस्राव व गोठण २ × २ = ४, रक्तसंक्रमण ३ × १ = ३. बेरीज २२.

१५. प्रत्येक गुणाकाराला २२ ने भागून ४० ने गुणा. ॲनिमियाला १६, ल्युकेमियाला १०.९ म्हणजे ११, गोठणाला ७, रक्तसंक्रमणाला ५.४५ म्हणजे ५. बेरीज ३९ भरते, एक प्रश्न उरतो. तो रक्तसंक्रमणाला द्या, त्याचाच अपूर्णांक सगळ्यात मोठा सुटला होता. हा तुमचा ब्लूप्रिंट. सांभाळा: बेरीज ४० येते की नाही हे कुणाकडून तरी मोठ्याने मोजून घ्या.

१६. प्रत्येक विषयात नुसत्या आठवणीचे किती आणि केस देऊन विचारायचे किती हे ठरवा. चाळीसपैकी दहाच्या वर आठवणीचे ठेवू नका.

१७. कार्डं वाटा, प्रत्येकाला सहा. म्हणजे ४८ प्रश्न येतील, हवेत ४०, आणि गळायला आठ हाताशी. प्रत्येक कार्डाच्या मागे विषय, 'आठवण' की 'केस', आणि अभ्यासक्रमातला कॉम्पिटन्सी क्रमांक आधीच लिहून द्या. सांभाळा: विषय निवडायची मोकळीक दिलीत की १६ ॲनिमियाचे २६ होतात आणि रक्तसंक्रमणाकडे कुणी फिरकत नाही.

१८. आता सगळ्यांसमोर एक प्रश्न दुरुस्त करून दाखवा. हा घ्या:

लोहाच्या कमतरतेच्या ॲनिमियाबद्दल पुढीलपैकी कोणतं विधान बरोबर नाही?
अ. एमसीव्ही कमी असतो
ब. फेरिटिन कमी असतं
क. टीआयबीसी वाढते
ड. आरडीडब्ल्यू नेहमी नॉर्मल असतो

असा प्रश्न आपण सगळ्यांनी कधी ना कधी काढलेला आहे. पर्याय झाका आणि विचारा, उत्तर काय? उत्तर देताच येत नाही, कारण प्रश्नच विचारलेला नाही. चार सुटी विधानं एका छपराखाली आणून ठेवली आहेत. शिवाय 'नेहमी' हा शब्द 'ड'कडे बोट दाखवतोय, आणि 'बरोबर नाही' वाचताना घाईतला मुलगा 'नाही' गाळतो. त्याला ॲनिमिया येत असूनही गुण जातो.

१९. या प्रश्नातून विद्यार्थ्याने काय करून दाखवायचं ते एका वाक्यात लिहा. उदाहरणार्थ: 'केस बघून लोहाची कमतरता ओळखेल आणि ती पक्की करणारी तपासणी निवडेल.' हे वाक्य सुचत नसेल तर प्रश्न सोडून द्या, दुसरं कार्ड घ्या.

२०. केस लिहा, एका ठरलेल्या ओळीने: वय, लिंग, तक्रार, किती दिवस, तपासणीत काय, रिपोर्टमध्ये काय. अशी: '२४ वर्षांची स्त्री, सहा महिन्यांपासून थकवा, पाळीत जास्त रक्तस्राव. डोळ्यांच्या पापण्यांआत फिकटपणा. हिमोग्लोबिन ७.८ ग्रॅम, एमसीव्ही ६४, आरडीडब्ल्यू १९. स्मिअरमध्ये लहान, फिकट पेशी आणि काही पेन्सिलसारख्या लांबट पेशी.' सांभाळा: केस म्हणजे कादंबरी नव्हे. तिचं गाव, नवऱ्याचा व्यवसाय, शाकाहार, यांपैकी उत्तराला उपयोगी पडेल तेवढंच ठेवा.

२१. केसखाली एकच प्रश्न लिहा, प्रश्नचिन्हासकट. इथे घाई नको. आमच्या टेबलावर पहिल्यांदा लिहिलं गेलं: 'लोहाची कमतरता पक्की करणारी तपासणी कोणती?' उत्तर ठरलं फेरिटिन. लगेच एक मॅडम म्हणाल्या, "मग अस्थिमज्जेतलं लोह? ते बघणं म्हणजे तर शेवटचा पुरावा." त्यांचं खरं होतं. अस्थिमज्जा पर्यायांत ठेवायची होती आणि वाचलेल्या मुलाने तीच निवडली असती. तीन शब्दांनी वाद मिटला: 'निदान पक्कं करण्यासाठी सर्वांत आधी कोणती तपासणी सांगाल?' आता चोवीस वर्षांच्या मुलीच्या हाडात सुई घालायला कुणी सांगणार नाही. प्रत्येक प्रश्नात असा एक वाद दडलेला असतो. तो परीक्षेआधी टेबलावर होऊ दे, परीक्षेनंतर व्हरांड्यात नको.

२२. पर्याय लिहायच्या आधी प्रश्न शेजारच्याला वाचून दाखवा आणि उत्तर मागा. त्याने 'फेरिटिन' म्हटलं तर प्रश्न तयार. त्याने "पर्याय काय आहेत?" असं विचारलं तर परत पायरी २१ वर जा.

२३. बरोबर उत्तर लिहा.

२४. तीन चकवे पर्याय लिहा, आणि ते विद्यार्थ्यांच्या खऱ्या चुकांमधून घ्या. जर्नल तपासताना, तोंडी परीक्षेत, पोस्टिंगमध्ये मुलं जे चुकीचं बोलतात तेच सोनं आहे. लहान पेशी म्हटलं की काहींना लगेच थॅलेसेमिया आठवतो, म्हणून 'हिमोग्लोबिन एचपीएलसी'. मोठ्या तपासणीला भुलणाऱ्यांसाठी 'अस्थिमज्जा तपासणी'. ॲनिमिया म्हटलं की जीवनसत्त्व, म्हणून 'बी १२ ची पातळी'. चारही पर्याय तपासण्याच आहेत ना, तेही बघा. तीन तपासण्या आणि एक औषध असं झालं की औषध आपोआप बाद होतं. 'वरील सर्व' आणि 'यांपैकी नाही' लिहायचं नाही. ते सुचतं तेव्हा चौथा पर्याय संपलेला असतो. तीनच चांगले सुचले तर त्या प्रश्नाला तीनच ठेवायला परीक्षा विभागाची हरकत आहे का ते विचारा.

२५. पर्याय वर्णक्रमाने लावा, आकडे असतील तर चढत्या क्रमाने. मनाने लावले की बरोबर उत्तर 'ब' आणि 'क'मध्ये जाऊन बसतं. इंग्रजीत एक खोड अजून: वाक्य 'ॲन'वर संपलं आणि स्वराने सुरू होणारा पर्याय एकच असला की उत्तर फुटलं.

२६. आता सगळ्यांना आपापली दोन कार्डं लिहायला सांगा. वेळ द्या ४५ मिनिटं. सहाच्या सहा तिथेच लिहून घेण्याचा हट्ट धरू नका. केसचा एक चांगला प्रश्न वीस मिनिटं खातो. उरलेली चार कार्डं आठवड्याचा गृहपाठ.

२७. कार्डं शेजारच्या टेबलाला द्या आणि लाल पेन्सिल चालवू द्या. फळ्याच्या कडेची यादी समोर आहेच. सांभाळा: लिहिणाऱ्याने आपला प्रश्न समजावून सांगायचा नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये तो विद्यार्थ्याच्या कानाशी उभा नसणार. हे ऐकायला कठोर वाटतं, म्हणून हसून सांगा, पण पाळा. शेवटची वीस मिनिटं जुन्या आठ निनावी प्रश्नांना द्या. तोवर पेन्सिलीला धार आलेली असते, आणि आपलाच जुना प्रश्न ओळखून लोक स्वतःहून "हा माझा, द्या इकडे" म्हणतात.

मधले तीन आठवडे

२८. ४८ कार्डं गोळा झाली की आठही जणांना बोलवा आणि पेपर मोजून घ्या. हे एकाच बैठकीत या क्रमाने करा.

 क. ब्लूप्रिंट समोर ठेवून ४० कार्डं निवडा. उरलेली आठ फेकू नका.

 ख. काठावरचा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणायला सांगा. टॉपर नको, सततचा गैरहजरही नको. धापा टाकत पण प्रामाणिकपणे पास होणारा.

 ग. असे शंभर विद्यार्थी असतील तर त्यांतले किती हा प्रश्न बरोबर सोडवतील, तो आकडा प्रत्येकाने आपल्या कागदावर लिहायचा. न बोलता. फेरिटिनच्या प्रश्नाला आकडे आले असतील ६०, ५५, ७०, ६५, ५०, ६०, ६५, ५५, तर सरासरी ६०. सांभाळा: सीनियर आधी आकडा बोलला की सगळे त्याच्या आसपास येतात.

 घ. दोघांच्या आकड्यांत तीसहून जास्त अंतर असेल तिथे थांबा आणि दोघांना बोलू द्या. बहुतेकदा एकाने प्रश्न वेगळाच वाचलेला असतो. म्हणजे दुरुस्ती प्रश्नाची.

 च. चाळीसही सरासऱ्यांची सरासरी काढा. कॉलेजची पासची रेषा ५० टक्क्यांवर असेल आणि तुमची सरासरी ३८ आली, तर तुमच्याच मते प्रामाणिक मुलगा या पेपरात नापास होणार आहे. अवघड कार्डं राखीव आठांमधल्यांशी बदला.

 छ. उत्तरतालिकेत अ, ब, क, ड किती वेळा आले ते मोजा. साधारण दहा-दहा हवेत.

 ज. उत्तरतालिका दोघांनी स्वतंत्रपणे तयार करा आणि मग जुळवा. एकाने तयार करून दुसऱ्याने नजर टाकणं म्हणजे तपासणं नव्हे.

परीक्षेला वेळ ५० मिनिटं द्या. हॉलमध्ये एक वही ठेवा आणि ज्या प्रश्नाला विद्यार्थी हात वर करतील त्याचा क्रमांक पर्यवेक्षकाला नोंदवायला सांगा. उत्तर देऊ नका, नुसती नोंद.

दुसरी दुपार

२९. निकाल अजून लागलेला नाही याची खात्री करा. लागला असेल तर पुढचं सगळं व्यर्थ नाही, पण मुलांच्या कामाचं नाही. मी नवी शिक्षिका असताना आम्ही निकाल आधी जाहीर केला आणि प्रश्न नंतर तपासले. दोन दिवसांनी एक मुलगी पुस्तक उघडून दारात उभी राहिली. तिचं उत्तर बरोबर होतं, आमची तालिका चुकली होती. ती एकटी आली म्हणून कळलं. तेच उत्तर लिहून गप्प बसलेली बाकीची मुलं मला अजून आठवतात. तेव्हापासून माझ्या टेबलावर हा क्रम बदलत नाही: आधी आकडे, मग निकाल.

३०. १५० उत्तरपत्रिका गुणांप्रमाणे वरपासून खालपर्यंत लावा.

३१. वरच्या ४० आणि खालच्या ४० वेगळ्या काढा, म्हणजे दोन्हीकडे साधारण २७ टक्के. मधल्या ७० बाजूला ठेवा. सांभाळा: दोन ढीग मिसळले तर सगळं परत. वरच्या ढिगाला आत्ताच लाल रबर लावा.

३२. पहिला प्रश्न हाताने मोजा, एक्सेल उघडू नका. एकाने वरचा ढीग घ्यावा, एकाने खालचा, एकाने फळ्यावर रेघा ओढाव्यात. कुणी कोणता पर्याय निवडला ते चारही पर्यायांचं मोजा. संगणकाने दिलेला आकडा शिक्षक विसरतो, स्वतः ओढलेल्या रेघा विसरत नाही. उरलेले ३९ प्रश्न मग खुशाल एक्सेलमध्ये करा.

३३. सोपेपणाचा आकडा काढा. दोन्ही ढिगांतली बरोबर उत्तरं मिळवा, ८० ने भागा, १०० ने गुणा. फेरिटिनला वर ३४, खाली १८ आले: ५२ भागिले ८० म्हणजे ६५ टक्के. सांभाळा: याला सगळे डिफिकल्टी इंडेक्स म्हणतात आणि नाव उलटं आहे. ९० म्हणजे अवघड नव्हे, फार सोपा! ३० ते ७० च्या मध्ये असेल तर ठीक.

३४. फरकाचा आकडा, म्हणजे डिस्क्रिमिनेशन इंडेक्स काढा. वरच्यांतून खालचे वजा करा, ४० ने भागा. ३४ वजा १८ म्हणजे १६, भागिले ४० म्हणजे ०.४०. अभ्यास केलेल्यांना हा प्रश्न जास्त आला, हवं तेच झालं. ०.३५ च्या वर उत्तम. ०.२ च्या खाली असेल तर कार्डावर लाल खूण करा.

३५. उणे आकड्याचे प्रश्न सगळ्यात आधी उचला. समजा वरच्यांत १२ बरोबर, खालच्यांत २०. आकडा येतो उणे ०.२०. वरच्या ४० पैकी उरलेले कुठे गेले ते बघा. त्यातले २४ एकट्या 'क'वर बसले असतील, तर विद्यार्थ्यांवर संशय घेऊ नका, तालिका उघडा. दहापैकी कितीतरी वेळा 'क'च बरोबर निघतो, किंवा दोन्ही बरोबर निघतात. हॉलमधली वहीही आत्ता काढा. हातही बहुतेक याच प्रश्नाला वर झालेले असतात.

३६. तालिका चुकली असेल तर ती बदलून सगळ्या १५० पत्रिका पुन्हा तपासायला द्या. दोन उत्तरं बरोबर असतील तर दोघांनाही गुण. हा निर्णय टेबलावरच, सगळ्यांच्या सहीने. सांभाळा: "एकाच गुणाचा प्रश्न आहे, जाऊ दे" असं कुणीतरी म्हणेल. जाऊ देऊ नका. काठावरच्याला तो एकच गुण हवा असतो.

३७. मेलेले चकवे शोधा. ८० पैकी चारहून कमी जणांनी निवडलेला पर्याय मेलेला. फेरिटिनच्या प्रश्नात ५२ बरोबर, एचपीएलसीला १७, अस्थिमज्जेला ९, बी १२ ला फक्त २. एवढ्या लहान पेशी बघून बी १२ जवळजवळ कुणी मागितलं नाही, आणि ते बरोबरच केलं.

३८. त्या जागी नवा चकवा लिहा. आम्ही 'शौचातील सुप्त रक्ताची तपासणी' घातली, कारण निदान पक्कं व्हायच्या आधीच कारणामागे धावणारी मुलं पोस्टिंगमध्ये रोज दिसतात. सांभाळा: नवा पर्याय आला की पायरी २१ चा वाद पुन्हा घालून बघा.

३९. फार सोपे निघालेले प्रश्न एकेक करून बघा, सरसकट फेकू नका. रक्त लावायच्या आधी पिशवीवरचं नाव आणि रुग्णाचं नाव पडताळायचं, या प्रश्नाला ९५ टक्के आले तर मला आनंदच होतो. तो ठेवा. पण कुठल्या सिंड्रोमचं नाव कुणी ठेवलं असल्या प्रश्नाला ९५ आले तर कार्ड बाद करा.

४०. प्रत्येक कार्डाच्या मागे तारीख, बॅच आणि दोन्ही आकडे लिहा. पेन्सिलीने नको, पेनाने.

४१. कार्डं ज्याची त्याला दोन मिनिटं हातात द्या. आपला प्रश्न वरच्या मुलांनी कसा सोडवला हे शिक्षक पहिल्यांदाच बघत असतो. टेबल एकदम शांत होतं. त्या वेळी तुम्ही काही बोलू नका.

४२. विद्यार्थ्यांना द्यायचा कागद तयार करा: कोणत्या विषयात वर्ग कमी पडला आणि काय पुन्हा वाचायचं. प्रश्न आणि तालिका त्यात छापू नका, नाहीतर पुढच्या वर्षी प्रश्नपेढी रिकामी.

४३. कार्डं परत गोळा करून मोजा. बाद केलेली धरून अठ्ठेचाळीस हवीत: चाळीस वापरलेली, आठ राखीव. कुलपात ठेवा, किल्ली एचओडींकडे द्या, आणि निकाल लावायला हरकत नाही असं परीक्षा विभागाला कळवा.